मतदानयंत्रातील बदल आणि त्याची नोंद : भंडारा-गोंदिया लोकसभा पोटनिवडणूक २०१८ च्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

यंत्र बदलले तर ते वापरणाऱ्याला कळले पाहिजे, या तत्त्वाला सहसा कोणाचा विरोध नसतो. मतभेद सुरू होतात ते कोणी, कोणाला, केव्हा आणि किती कळवावे या प्रश्नापासून. आज मोबाईल संचाच्या पडद्यावर नवीन अपडेट उपलब्ध असल्याची सूचना येते, तिच्याखाली चार ओळींचे टिपण असते आणि बहुतेक लोक ते न वाचताच संमती देतात. त्या एका स्पर्शाने संचातील अ‍ॅपच नव्हे, तर बॅटरी, कॅमेरा, स्पर्शपटल यांसारख्या भागांचे वर्तनही बदलू शकते. बदल झाला हे कळते. पण काय बदलले आणि का बदलले हे अनेकदा कळत नाही.

याच्या नेमके उलट स्वभावाचे एक यंत्र आपल्या सार्वजनिक जीवनात आहे. त्याला अपडेट येत नाही आणि ते कोणत्याही जाळ्याशी जोडलेले नसते. ते म्हणजे इलेक्ट्रॉनिक मतदानयंत्र. परंतु अपडेट नाही म्हणजे बदल नाही असे होत नाही. या यंत्राच्या पिढ्या बदलल्या, त्याला नवे भाग जोडले गेले, त्या भागांत सुधारणा झाल्या. हे बदल मतदारापर्यंत कसे पोहोचले, हा प्रश्न २८ मे २०१८ रोजी भंडारा-गोंदिया मतदारसंघात प्रत्यक्ष अनुभवाच्या पातळीवर उभा राहिला.

अभ्यासाचे उद्दिष्ट व व्याप्ती

प्रस्तुत लेखात तीन गोष्टींचा मागोवा घेतला आहे. सॉफ्टवेअरमधील बदल सांगण्याची पद्धत कशी घडत गेली. मतदानयंत्राच्या भागांतील बदल कोणत्या मार्गाने जाहीर होत आले. आणि बदलाची नोंद ठेवण्याची जी जुनी रीत आपल्या महसुली व्यवहारात आहे, तिच्या कसोटीवर या दोन्ही पद्धती कितपत उतरतात. मतदानयंत्र विश्वासार्ह आहे किंवा नाही, या वादाचा निवाडा करणे हा लेखाचा हेतू नाही. महाविद्यालयीन प्राध्यापकांपैकी अनेकांनी केंद्राध्यक्ष म्हणून ही यंत्रे हाताळली आहेत. त्यामुळे या विषयाशी प्रस्तुत वाचकांचा संबंध केवळ अभ्यासकाचा नाही.

अपडेटच्या टिपणाचा इतिहास

सॉफ्टवेअर जेव्हा चकतीवरून विकले जात असे, तेव्हा नव्या आवृत्तीबरोबर एक माहितीपत्र किंवा वाचनासाठीची छोटी फाईल येई. नवी आवृत्ती घ्यायची की नाही, हे ग्राहक ती वाचून ठरवू शके. कारण बदल त्याच्या हाताने होत असे. १९९८ मध्ये विंडोज ९८ बरोबर इंटरनेटवरून सुधारणा घेण्याची सोय आली. २००३ च्या ऑक्टोबरपासून मायक्रोसॉफ्टने दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षाविषयक दुरुस्त्या एकत्रितपणे देण्यास प्रारंभ केला. बदलाला वेळापत्रक मिळाले, हा या पद्धतीचा लाभ होता. २००८ नंतर मोबाईलवरील अ‍ॅपची दुकाने रूढ झाली आणि अपडेट आपोआप होऊ लागले. याच काळात टिपणे आखूड होत गेली. 'किरकोळ दोष दूर केले, कार्यक्षमता वाढवली' अशा आशयाची एक ओळ शेकडो अ‍ॅपखाली सारखीच दिसू लागली. नोंद उरली, परंतु तिच्यातील माहिती आटली.

या आटलेल्या नोंदीचे परिणाम २०१७ मध्ये उघड झाले. अ‍ॅपल कंपनीने त्या वर्षाच्या जानेवारीत आयओएस १०.२.१ ही आवृत्ती दिली. जुन्या झालेल्या बॅटरीवर अचानक भार आल्यास आयफोन बंद पडू नये, म्हणून प्रोसेसरचा वेग काही प्रसंगी कमी करण्याची योजना तीत होती. अपडेटच्या टिपणात अचानक बंद पडण्याचा दोष टाळण्यासाठी विद्युतभाराचे नियोजन सुधारल्याचा उल्लेख नंतर आला; मात्र त्यासाठी वेग कमी होतो, ही गोष्ट त्यात नव्हती. ग्राहकांनी व तंत्रज्ञांनी मोजमापे प्रसिद्ध केल्यानंतर २० डिसेंबर २०१७ रोजी कंपनीने ती मान्य केली. मार्च २०१८ मधील आयओएस ११.३ या आवृत्तीत बॅटरीची स्थिती दाखवणारा विभाग आला आणि वेगाचे हे नियंत्रण बंद करण्याचा पर्यायही ग्राहकाला मिळाला. ऑक्टोबर २०१८ मध्ये इटलीच्या स्पर्धा नियामकाने अपडेटविषयी पुरेशी माहिती न दिल्याच्या कारणासह अ‍ॅपलला १ कोटी युरो व सॅमसंगला ५० लाख युरो दंड केला. फ्रान्समध्ये फेब्रुवारी २०२० मध्ये अ‍ॅपलला २.५ कोटी युरो भरावे लागले.

येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, बदलाचा हेतू ग्राहकाच्या सोयीचा होता असे मानले तरी दोष शिल्लक राहतो. वस्तू ज्याची आहे त्याला न सांगता तिच्या एका भागाचे वर्तन बदलले गेले, हा तो दोष होय.

मतदानयंत्र : अपडेट नसलेले यंत्र

भारतात इलेक्ट्रॉनिक मतदानयंत्राचा पहिला वापर मे १९८२ मध्ये केरळातील परूर विधानसभा मतदारसंघाच्या ५० मतदान केंद्रांवर झाला. हा बदल निवडणूक आयोगाच्या आदेशाने करण्यात आला; कायद्यात त्याची तरतूद नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये याच कारणास्तव त्या ५० केंद्रांवरील मतदान रद्द ठरवून तेथे फेरमतदानाचा आदेश दिला. यंत्र सदोष आहे असे न्यायालयाने म्हटले नाही. मतदानाची पद्धत बदलण्यासाठी कायद्याचा आधार हवा, असे म्हटले. त्यानंतर लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ मध्ये कलम ६१-अ घालण्यात आले आणि मार्च १९८९ पासून ते अमलात आले. १९९८ मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान व दिल्लीतील १६ विधानसभा मतदारसंघांत यंत्रे वापरली गेली आणि २००४ ची लोकसभा निवडणूक सर्व ५४३ मतदारसंघांत यंत्रावर झाली.

ही यंत्रे बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि हैदराबादची इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या दोन सार्वजनिक कंपन्या तयार करतात. त्यांच्या तीन पिढ्या मानल्या जातात. २००६ पर्यंतची यंत्रे एम-१, २००६ ते २०१० या काळातील एम-२ आणि २०१३ नंतरची एम-३ या नावाने ओळखली जातात. पहिल्या दोन पिढ्यांत एका कंट्रोल युनिटला ४ बॅलट युनिट जोडता येत. म्हणजे ६४ उमेदवारांपर्यंत सोय होती. एम-३ मध्ये २४ बॅलट युनिट जोडता येतात व ही मर्यादा ३८४ वर जाते. एम-३ मध्ये छेडछाड ओळखण्याची आणि यंत्राच्या भागांनी एकमेकांची ओळख पटवण्याची व्यवस्थाही आहे. यंत्रातील प्रोग्राम चिपवर एकदाच कोरला जातो व तो पुन्हा लिहिता येत नाही, अशी निवडणूक आयोगाची भूमिका आहे.

याचा अर्थ असा की, मोबाईल संचात जे काम अपडेट करते, ते मतदानयंत्रात नव्या पिढीला किंवा नव्या सुट्या भागाला करावे लागते. यामुळे एक सुरक्षितता लाभते. दूरवरून कोणी रातोरात यंत्र बदलू शकत नाही. त्याचबरोबर एक उणीवही येते. अपडेटबरोबर निदान एक टिपण येते. सुट्या भागाबरोबर मतदाराकडे काहीच येत नाही.

मतपेटीच्या काळात हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटलेला होता. मतदान सुरू होण्यापूर्वी केंद्राध्यक्ष रिकामी पेटी उमेदवारांच्या प्रतिनिधींना दाखवत असे आणि तिला मोहोर लावत असे. पेटीचे सर्व भाग डोळ्यांना दिसत. आजचे अभिरूप मतदान हे त्या विधीचेच पुढचे रूप होय. प्रतिनिधींच्या समक्ष किमान ५० मते टाकून, मोजून व पुसून यंत्र शून्यावर आणले जाते आणि त्याचे प्रमाणपत्र तयार होते. परंतु या विधीतून यंत्राची त्या सकाळची अवस्था कळते. मागील निवडणुकीनंतर त्याच्या पोटात काय बदलले, हे कळत नाही.

व्हीव्हीपॅट : एका नव्या भागाचा प्रवास

आपले मत योग्य जागी नोंदले गेले की नाही हे मतदाराला दिसावे, या मागणीतून व्हीव्हीपॅट हा भाग आला. ऑक्टोबर २०१० मध्ये राजकीय पक्षांच्या बैठकीत हा विषय निघाला. जुलै २०११ मध्ये लडाख, तिरुवनंतपुरम, चेरापुंजी, पूर्व दिल्ली व जैसलमेर येथे त्याच्या चाचण्या घेण्यात आल्या. थंडी, पाऊस व उष्णता यांची टोके लक्षात घेऊन ही ठिकाणे निवडली गेली, हे नावांवरूनच ध्यानात येते. चाचण्यांनंतर आराखडा सुधारून २०१२ मध्ये पुन्हा चाचणी झाली. ऑगस्ट २०१३ मध्ये निवडणूक संचालन नियम १९६१ मध्ये दुरुस्ती झाली आणि सप्टेंबर २०१३ मध्ये नागालँडमधील नोकसेन पोटनिवडणुकीत हे उपकरण प्रथम वापरण्यात आले. ऑक्टोबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही सोय निवडणुकीच्या पारदर्शकतेसाठी आवश्यक मानली. एप्रिल २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे १६ लाख १५ हजार व्हीव्हीपॅटच्या खरेदीसाठी ३,१७३ कोटी रुपयांहून अधिक रकमेस मंजुरी दिली.

या उपकरणात उष्णतेने उमटणाऱ्या छपाईचा कागद असतो. चिठ्ठीवर उमेदवाराचा क्रमांक, नाव व चिन्ह छापले जाते, ती काचेमागे ७ सेकंद दिसते आणि मग कापली जाऊन बंद पेटीत पडते. छपाई स्पष्ट झाली की नाही हे एक सेन्सर पाहतो, तर कागदाची लांबी दुसरा तपासतो. यांपैकी एखाद्या सेन्सरला चुकीचा संकेत मिळाल्यास यंत्र पुढे काम न करता थांबते. म्हणजेच मतदाराचा विश्वास वाढवण्यासाठी जोडलेला भाग हाच साऱ्या संचातील सर्वांत नाजूक भाग ठरला. कंट्रोल युनिट व बॅलट युनिटमध्ये छपाई नाही, कागद नाही, फिरणारी चाके नाहीत. व्हीव्हीपॅटमध्ये हे सर्व आहे.

२८ मे २०१८ : भंडारा-गोंदियाचा अनुभव

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर भंडारा-गोंदिया लोकसभा मतदारसंघात तुमसर, भंडारा, साकोली, अर्जुनी-मोरगाव, तिरोडा व गोंदिया हे सहा विधानसभा मतदारसंघ आले. गोंदिया जिल्ह्यातीलच आमगाव मात्र गडचिरोली-चिमूरमध्ये गेला. डिसेंबर २०१७ मध्ये खासदार नाना पटोले यांनी राजीनामा दिल्यामुळे येथे पोटनिवडणूक लागली व २८ मे २०१८ ही मतदानाची तारीख ठरली. पूर्व विदर्भात हे नवतपाचे दिवस. २५ मेच्या सुमारास सुरू होणाऱ्या या नऊ दिवसांत शेतकरी व मजूर आपली कामे सकाळी लवकर उरकतात. तेंदूपाने संकलनाचा हंगामही याच महिन्यात येतो. सकाळच्या गार वेळेत मत देऊन कामावर जाणे किंवा घरी परतणे, हाच येथील मतदाराचा स्वाभाविक क्रम असतो.

त्या दिवशी अनेक केंद्रांवर व्हीव्हीपॅट बंद पडल्याच्या तक्रारी आल्या. नियमानुसार केवळ व्हीव्हीपॅट बिघडल्यास तेवढेच बदलले जाते; कंट्रोल किंवा बॅलट युनिट बिघडल्यास संपूर्ण संच बदलून पुन्हा अभिरूप मतदान घ्यावे लागते. राखीव यंत्र केंद्रापर्यंत येईपर्यंत रांग थांबते. राजकीय पक्षांनी आक्षेप नोंदवले. अखेर मतदारसंघातील ४९ केंद्रांवर ३० मे रोजी फेरमतदान घेण्यात आले. त्याच दिवशी उत्तर प्रदेशातील कैराना मतदारसंघात ७३ केंद्रांवरही फेरमतदान झाले. ३१ मे रोजी निकाल लागून राष्ट्रवादी काँग्रेसचे मधुकर कुकडे निवडून आले.

येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे इष्ट आहे. व्हीव्हीपॅट थांबणे म्हणजे एकाचे मत दुसऱ्याच्या खात्यात जाणे नव्हे. यंत्र थांबल्याने हानी झाली ती वेळेची, श्रमाची आणि विश्वासाची. परंतु रणरणत्या उन्हात रांगेत उभ्या असलेल्या माणसाला यंत्र का थांबले हे कोणी सांगू शकले नाही, तर 'थांबले' आणि 'बिघडवले' यांतील भेद त्याच्यासाठी पुसट होतो. माहितीचा अभाव संशयाला जागा देतो.

परूर आणि भंडारा-गोंदिया ही दोन फेरमतदाने शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. पहिल्या ठिकाणी ५० केंद्रांवर फेरमतदान झाले, कारण बदलाला कायद्याची नोंद नव्हती. दुसऱ्या ठिकाणी ४९ केंद्रांवर झाले, तेव्हा कायदा होता, नियम होता, न्यायालयाचा निर्णयही होता. परंतु नव्या भागाची प्रकृती तो वापरणाऱ्यांना पुरती ठाऊक नव्हती.

प्रकटीकरणाचे तीन टप्पे

या प्रकरणात माहिती बाहेर येण्याचा क्रम अभ्यसनीय आहे. पहिल्या टप्प्यात, मतदानाच्या दिवशी, बिघाडाची वृत्ते अतिरंजित असून राखीव यंत्रे पुरेशी आहेत, असे आयोगाकडून सांगण्यात आले. दुसऱ्या टप्प्यात फेरमतदानाचा निर्णय झाला. ही कृतीने दिलेली कबुलीच होती. तिसऱ्या टप्प्यात तांत्रिक कारण पुढे आले. छपाईची स्पष्टता पाहणाऱ्या सेन्सरवर थेट प्रकाश पडल्याने त्याचे काम बिघडले, तसेच हवेतील दमटपणाचा कागदाच्या गुंडाळीवर परिणाम झाला, असे स्पष्टीकरण देण्यात आले. २०१८ च्या उत्तरार्धात तत्कालीन मुख्य निवडणूक आयुक्त ओमप्रकाश रावत यांनी उपायही जाहीर केला. सेन्सरवर आच्छादन बसवण्यात आले आणि ओलावा न शोषणारा कागद वापरण्याचे ठरले. व्हीव्हीपॅट थेट उजेडात ठेवू नये ही दक्षता केंद्राध्यक्षांच्या परिचयाची झाली.

उपाय साधा व योग्य होता. मात्र चेरापुंजीचा पाऊस आणि जैसलमेरची उष्णता यांत पारखलेले उपकरण शाळेच्या खोलीतील खिडकीच्या उजेडाने अडावे, यातून एक बोध मिळतो. हवामानाची चाचणी आणि वापराच्या जागेची चाचणी या दोन भिन्न गोष्टी होत. दुसरी चाचणी वापरणाऱ्यांच्या सहभागावाचून पूर्ण होत नाही आणि सहभागासाठी आधी माहिती द्यावी लागते.

याच मतदारसंघाने ११ एप्रिल २०१९ रोजी पुन्हा मतदान केले. देशभर सर्व केंद्रांवर व्हीव्हीपॅट असलेली ती पहिली लोकसभा निवडणूक होती. मतदान केंद्रावरील कागदपत्रांत, विशेषतः नमुना १७-क मध्ये, यंत्रांचे क्रमांक लिहिले जातात. परंतु क्रमांक ही यंत्राची ओळख झाली, त्याचा इतिहास नव्हे. मागील वर्षी अडलेल्या भागावर आता आच्छादन आहे आणि कागद बदलला आहे, हे सांगणारी ओळ त्या कागदांत नसते. बदल झाला आणि तो जाहीरही झाला. पण ज्या जागी तो उपयोगी पडायचा होता, त्या जागी त्याची नोंद झाली नाही.

फेरफार नोंदवही : एक देशी मापदंड

बदलाची नोंद कशी असावी, याचा आदर्श शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. खेड्यातील प्रत्येक खातेदाराला फेरफार हा शब्द माहीत आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १५० नुसार जमिनीच्या हक्कात बदल झाल्याचे कळताच तलाठी त्याची नोंद गाव नमुना ६ मध्ये घेतो. त्या नोंदीची प्रत चावडीवर ठळक जागी लावली जाते. ज्यांचा हितसंबंध आहे त्यांना लेखी सूचना जाते व हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते. हरकत आल्यास ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत लिहिली जाते, संबंधितांचे म्हणणे ऐकले जाते व सक्षम अधिकारी नोंद प्रमाणित करतो. सातबारावर जुनी नोंद खोडून नाहीशी केली जात नाही. तिला कंस होतो आणि नव्या नोंदीशेजारी फेरफाराचा क्रमांक येतो. तो क्रमांक धरून कोणालाही मागे जाता येते.

या रीतीत चार तत्त्वे दिसतात. बदल पक्का होण्यापूर्वी सूचना; सूचना हितसंबंधितांना व त्यांच्या गावातच; हरकतीची संधी; आणि जुन्या स्थितीचे जतन. व्यवहारात तलाठी कार्यालयाचा अनुभव नेहमीच असा आदर्श असतो असे नाही. तरीही नियमाची बांधणी निर्दोष आहे. या चार तत्त्वांवर मोबाईलचे अपडेट तपासले, तर सूचना आधी मिळते, पण मोघम असते. हरकत म्हणजे केवळ अपडेट नाकारणे असते. आणि जुन्या आवृत्तीकडे परतण्याचा मार्ग बहुधा बंद असतो. मतदानयंत्र तपासले, तर निवडणुकीपूर्वीची प्रथमस्तरीय तपासणी राजकीय पक्षांच्या प्रतिनिधींसमोर होते, ही जमेची बाजू आहे. परंतु भागांतील बदलांची क्रमवार नोंद मतदारासमोर, मतदान केंद्रावर आणि मराठीत येत नाही.

नोंद नसली की वाद कसा वाढतो, याचे उदाहरण २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दिसले. व्हीव्हीपॅटची पूर्वीची पारदर्शक काच बदलून २०१७ नंतर गडद काच आली, असा याचिकाकर्त्यांचा दावा होता. काच बदललेली नाही व तिचा रंग मताच्या गुप्ततेसाठी आहे, असे आयोगाचे म्हणणे होते. एका काचेविषयी असा मतभेद न्यायालयापर्यंत जावा, याचे कारण तिच्या बदलाची किंवा न बदलण्याची, सर्वांना पाहता येईल अशी नोंद हाताशी नव्हती, हे होय. न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी कागदी मतपत्रिकेकडे परतण्याची व काच बदलण्याची मागणी मान्य केली नाही. मात्र चिन्हे भरणारी उपकरणे मोहोरबंद करून निकालानंतर किमान ४५ दिवस जपण्याचा आदेश दिला. तसेच दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकावरील उमेदवारांनी ७ दिवसांत लेखी मागणी केल्यास प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील ५ टक्के यंत्रांची कोरीव स्मृती निर्मात्या कंपनीच्या अभियंत्यांकडून तपासण्याची मुभा दिली. फेरफाराच्या भाषेत सांगावयाचे तर, हरकतीची मुदत व जुन्या नोंदीचे जतन ही दोन तत्त्वे येथे प्रथमच मतदानयंत्राच्या व्यवहारात आली. पूर्वसूचना व स्थानिक प्रकटीकरण ही दोन अद्याप यावयाची आहेत.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. एक, यंत्रातील बदलाचे प्रकटीकरण आजवर बहुधा बिघाडानंतर झाले आहे. आयफोनची बॅटरी आणि व्हीव्हीपॅटचा सेन्सर ही दोन्ही उदाहरणे तेच सांगतात. दोन, अपडेट न होणाऱ्या यंत्रालाही बदलाच्या टिपणाची तितकीच गरज आहे. किंबहुना अधिक आहे, कारण त्याचा बदल पडद्यावर उमटत नाही. तीन, प्रात्यक्षिकाने विश्वास निर्माण होतो, पण तो त्या दिवसापुरता. दीर्घकालीन विश्वासाला लेखी नोंद लागते.

यास्तव एक मर्यादित सूचना करावीशी वाटते. प्रत्येक मतदान केंद्रावर यंत्राची पिढी, निर्मितीचे वर्ष आणि मागील निवडणुकीनंतर त्याच्या भागांत झालेले बदल सांगणारे एक पानाचे मराठी पत्रक लावले जावे व त्याची प्रत अभिरूप मतदानाच्या प्रमाणपत्राबरोबर प्रतिनिधींना दिली जावी. यासाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही. असे पान २०१८ च्या त्या सकाळी असते तर सेन्सर अडला नसता असे म्हणता येणार नाही. परंतु केंद्राध्यक्षाने यंत्र खिडकीपासून दूर ठेवण्याचा विचार केला असता आणि रांगेतील मतदाराला देण्यासाठी त्याच्यापाशी एक खरे उत्तर असते. जमिनीच्या एका गुंठ्याचा फेरफार चावडीवर लागतो. मत नोंदवणाऱ्या यंत्राचा फेरफारही मतदान केंद्राच्या भिंतीवर लागावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.